मोत्या-चांदीची हळद

"यात भरलेलं पुसलं, तर लगीन मोडल का रे?" सासूबाईंनी शहापूरच्या कॉम्प्युटरवाल्याला विचारलं आणि तो बिचारा हातातला सीडी राइटरचा खोका उलटसुलट करून पाहू लागला.

मी तोंडाला पदर लावला. माझी सासू राही म्हणजे किन्हवलीकडची नावाजलेली धवलारीण. हळदीला तिनं नवरानवरीची नावं घालून धवले गायल्याशिवाय आमच्याकडे लग्न लागल्यासारखं वाटत नाही. उभा जन्म तिनं लोकांच्या पोरी गाऊन सासरी धाडल्या. आता सख्ख्या नातीचं, माझ्या नम्रताचं लग्न ठरलं आणि नेमका दम्यानं गळा धरला. दोन ओळी झाल्या की खोकला. ताटावरून अर्धपोटी उठायची. मला ते बघवत नव्हतं.

तोडगा नम्रतानं काढला. आजीचं गाणं थोडं थोडं करून घरच्या कॉम्प्युटरवर भरायचं, खोकला कापायचा आणि सीडी करून हळदीला लावायची. पण आमच्या कॉम्प्युटरला सीडी नुसती वाचता यायची, लिहिता येत नव्हती. म्हणून आम्ही तिघी एसटीनं शहापूरला आलो होतो.

"मावशी, हा साधा राइटर, एकदा लिहिलं की कायम," दुकानदार सांगू लागला. "आणि हा रीरायटेबल. चुकलं की पुसा, परत लिहा. हाच घ्या."

"चुकीचं पुसशील रे. पन नाव घेतलं का लगीन लागलं. आमी नाव पुसत नाय."

"आजी, याच्यात न पुसणारी सीडीपण चालते गो," नम्रता म्हणाली.

दुकानदारानं दोन्ही जातीच्या सीडी पुढ्यात ठेवल्या. सासूबाईंनी त्या चकत्या उन्हात धरून पाहिल्या. "मंग हाच दे. शिकायला पुसायची, लग्नाला बिनपुसायची." इतका पटकन तर मला साडीचा रंगही ठरवता येत नाही.

घरी आल्यावर पेच पडला. दारात मांडव नसताना माणसाचं नाव घालून धवला म्हणायचा नाही, हा तिचा नेम. मग सराव कसा करायचा? तिनं गोठ्याकडे पाहिलं आणि आमच्या मोत्या बैलाचं चांदी म्हशीशी लग्न लावून टाकलं. "मोत्या नवरा मांडवी आला गो, चांदीला हळद लावा..." मध्येच खोकायची, मध्येच स्वतःच हसत सुटायची. नम्रतानं ते सगळं पुसायच्या सीडीवर भरलं. मग मांडव घातला त्या सकाळी खरी नावं घालून बिनपुसायची सीडी झाली.

संध्याकाळी कॉम्प्युटर मांडवात आणून साउंडवाल्या धाऊनं त्याला भोंगा जोडला. म्हसा गावाहून नवऱ्याकडच्या बायका हळद घेऊन आल्या. नम्रता पाटावर बसली. धाऊनं सीडी लावली आणि भोंग्यातून साऱ्या गावाला ऐकू गेलं, "मोत्या नवरा मांडवी आला गो..."

"आमच्या ओमकारला मोत्या कवापासून म्हनायला लागले?" नवऱ्याची आत्या म्हणाली. मांडवात हशा पिकला. मी शरमेनं पाणी पाणी झाले.

धाऊ खरी सीडी शोधू लागला, तोवर सासूबाई कोपऱ्यातून उठल्या. "बंद कर रे धाऊ. माझी नात म्हशीच्या नावानं जायाची नाय."

त्या पाटाशी बसल्या आणि गाऊ लागल्या. ओमकारचं नाव घेतलं, नम्रताचं घेतलं आणि खोकला आला. पण पुढची ओळ त्याच आत्यानं उचलली, मग आमच्या बायकांनी, मग सगळ्यांनी. सासूबाईंनी फक्त नावं घालायची, बाकीचं मांडव म्हणायचा. नम्रता पिवळ्या गालांनी रडतही होती आणि हसतही होती. सगळी हळद अशीच झाली. त्या रात्री सासूबाई पोटभर जेवल्या, वर पुन्हा भात मागून घेतला.

पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या.

बिनपुसायची सीडी कपाटात आहे, पण तिच्यात खोकला नाही, त्यामुळे ती कुणाला आपली वाटत नाही. नम्रता माहेरी आली की लेकीला मांडीवर घेऊन दुसरीच, पुसायची सीडी लावते. गाणं, खोकला, मागे मोत्याची घंटा, मग आजीचं हसू. तिच्यावर हवं तेव्हा दुसरं काही भरता येतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.