ह्यांचे हात

मुलांनो, डोळे मिटा आणि भिंगारच्या रस्त्यावरच्या बंगल्यात माझ्याबरोबर चला. समोर दाराएवढं उंच चित्र आहे. तैलरंगातले सरदार, अंगात तांबडा लष्करी कोट, दोन्ही हात तलवारीच्या मुठीवर. दिसले? आता ते चित्र भिंतीवरून उतरवून खांबाला टेकवलंय. बाहत्तर साल आहे. सरदारांचे नातू, धाकटे सरकार, ते विकतायत.

पुण्याहून आलेला व्यापारी म्हणाला, "चेहरा राजबिंडा आहे. हात मात्र फसलेत. नांगर धरणाऱ्याचे वाटतात."

"हात ह्यांचं हायेत," बंगल्यावर भांडी घासणारी लंकाबाई दारातून म्हणाली.

"सरदारांचेच असणार ना, आजी."

"न्हाई वं. ह्यांचं."

धाकटे सरकार हसले. "तिच्या नवऱ्याचे. आजोबा चित्रासाठी बसून दोन दिवसांत कंटाळले. मग चित्रकारानं कोट मोतद्दाराला घातला. आमचे घोडे सांभाळायचा तो. चेहरा तेवढा आजोबांचा."

"अस्सं? नाव काय त्यांचं? घेणाऱ्याला सांगेन."

सरकार आठवू लागले. "आम्ही मोतद्दारच म्हणायचो. लंकाबाई, तूच सांग."

लंकाबाईनं पदर तोंडाला लावला. नवऱ्याचं नाव तिनं सरळ कधी घेतलं नव्हतं.

"उखाण्यात घे की," सरकार म्हणाले.

"उखाना सवाशिनीनं घ्यावा, सरकार. आता कशात घालून घिऊ?"

व्यापाऱ्याला उशीर होत होता. तो टेम्पोवाल्याला बोलवायला बाहेर गेला, सरकारही त्याच्यामागे गेले. लंकाबाई चित्राजवळ आली. नवऱ्याचा फोटो कधी काढलाच नव्हता. त्याचे म्हणून एवढे हातच उरले होते. तिनं रंगातल्या बोटांवर तळवा ठेवला.

"एवडं नाव जरी संगं गेलं असतं," ती पुटपुटली.

शेजारी तिची नात चांगुणा उभी होती. दुसरीत होती. आजोबांचं नाव तिनं बापाच्या तोंडून ऐकलं होतं.

ती पाणी तापवायच्या बंबाकडे पळाली, विझलेला कोळसा घेऊन आली आणि चित्राच्या मागे गेली. नावात जोडाक्षर नव्हतं, हे बरं झालं. मागच्या कोऱ्या कापडावर तिनं मोठ्या, तिरप्या अक्षरांत लिहिलं, 'कानिफनाथ'.

मग आजीला जवळ ओढलं, तिचं बोट धरलं आणि एकेका अक्षरावरून फिरवलं.