फुलाआत्तीचं तोंड

मी सोनिया. कानडी मुलखातल्या, जोयड्याकडच्या कुंभारवाडा गावात ऱ्हाते आनि कार्टून काढून पोट भरते. हसू नका, खरंच भरते. दर शुक्रवारी एक चित्रकथा नेटवर टाकते, ती सगळ्यांना फुकट. ज्यांना जास्ती पायजे त्यांनी म्हैन्याला साठ रुपये भरून सभासद व्हायचं. मग त्यांना कच्ची चित्रं, एखादा फोटू, चित्रामागची हकीकत असं काय काय मिळतं. तेवढ्यावर माझं आनि आत्तीचं घर चालतं.

माझ्या कथेतली बाई म्हातारी, तोंडाळ, कुनाच्या बापाला न भिनारी. तिचं नाव मी सखू ठेवलंय. पन ती फुलाआत्तीच हाय, माझ्या बाची बहीन, जिनं मला वाढवलं. तिचं बोलनं, तिचा राग, कमरेला खोचलेली कोयती, सगळं मी उचललं. तिला विचारलं का? न्हाई. तिला एवढंच ठाऊक, की पोरगी दिवसभर काचेवर रेघा वढते आनि रेंजसाठी टेकडी चढते.

आता मी शेन कुठं खाल्लं ते सांगते. मला मनानं झाड काढताच येत न्हाई. मत्ती काढायची तर मत्ती समोर पायजे, किंदळ काढायचा तर किंदळ. आनि आमच्यात मोहळाचं झाड ज्याच्या त्याच्या घरचं असतं. आजानं ते आत्तीला दावलं. आत्तीला मूल न्हाई, म्हनून तिनं मला दावलं. तिसऱ्याला दावायचं न्हाई, घरात आलेल्या सुनेलासुद्धा न्हाई. त्यात आता ते रान वाघाच्या राखीव जंगलात गेलंय, तिथं मध काढला तर गुन्हा. तरी आत्ती चैतात जातेच. वर्साला दोन बाटल्या मध, बास.

तर सखू मोहळ काढते, ती कथा मी टाकली. लोकांनी डोक्यावर घेतली. एका आठवड्यात नव्वद सभासद वाढले! आनि सगळे एकच बोंबलायला लागले, खरी जागा दाव, खरी जागा दाव. मला चढली वो. चित्राशेजारी खरा फोटू लावून मोकळी झाले. मत्तीचं झाड, मागं सुप्याच्या धरनाचं पानी आनि धुरात उभी आत्ती, पाठमोरी. फकस्त सभासदांनाच दिसतंय की, म्हटलं. कुना येड्यानं तो उचलला आनि वाघाचे फोटू काढनाऱ्यांच्या ग्रुपात टाकला.

सोमवारी टेकडीवर हुते, तवा नागराजचा फोन आला. नागराज शेजारच्या गावचा, फॉरेस्टात गार्ड हाय.

"सोनिया, तुझा फोटू आमच्या सायबांपर्यंत पोचलाय. झाड सापडलं. उद्या सकाळी येतोय आमी."

"आत्तीला नेतील काय रं?" मी इचारलं.

"आयक," त्यो हळू आवाजात म्हनाला. "फोटूत नुसती पाठ हाय, त्याच्यावरनं काय व्हत न्हाई. पन चित्रात तोंड हाय. म्हातारीला सांग, मी न्हवं म्हनायचं. दुसरं काय बोलायचं न्हाई."

 टेकडी उतरायच्या आधी फोटू काढून टाकला, पन आता काय उपेग? अडुसष्ट वर्साची बाई ती. रातीला दमा उठतो, पाठ चोळायला मी लागते. तिला कोठडीत बसवली तर कोन चोळनार? माझ्या चित्रापायी तिला नेनार, माझ्या चार पैशापायी. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

आत्ती अंगनात आमसुलं वाळत घालत हुती.

"आत्ती, उद्या फॉरेस्टवाले येनार. एक चित्र दावतील. मी न्हवं म्हनायचं."

"कसलं चित्र गं?"

"कसलं का असंना. मी न्हवं, एवढंच म्हन."

तिनं माझ्याकडं बघितलं आनि व्हय म्हनाली. तिचं झाड मी साऱ्या जगाला दावलं, हे काय मी सांगितलं न्हाई. भेकड कुठली! त्या दिवशी बाजारकुणंगच्या रस्त्याला गाडी वाजली की मी उठून दारात जायची. दुधाची गाडी असली तरी जायची.

सकाळी जीप आली. सायेब नवा, कानडी बोलनारा, आवाज न चढवनारा. त्याचीच जास्ती भीती वाटली. त्यानं मोबाईल आत्तीसमोर धरला.

"ही बाई कोन, इचारतात सायेब," नागराज म्हनाला आनि तिच्याकडं बघून हळूच मान हलवली, न्हाई म्हन म्हनून.

आत्तीला जवळचं नीट दिसत न्हाई. तिनं मोबाईल हातात घेतला, लांब धरला, परत जवळ आनला. मी मनात घोकत हुते, मी न्हवं, मी न्हवं, म्हन की गं आये. ती बघतच ऱ्हायली.

"आगं बया!" ती म्हनाली. "ही मीच की!"

"न्हाई सायेब!" मी वरडले. "मी मनानं काढलंय ते!"

"गप गं! मनानं कशी?" आत्ती माझ्यावरच उखडली. "हा पडका दात माझा. ही कपाळावरची खोक माझी, आंब्यावरनं पडले हुते ती. आनि बघ की, कशी उभी ऱ्हायलीया मोहळाखाली! मीच हाय सायेब. फुला कान्हू वेळीप. लिवून घ्या."

नागराजनं खाली मान घातली. सायबानं लिवून घेतलं, झाडाचं इचारलं, आनि आत्तीनं त्ये बी सांगितलं. मग जबाब द्यायला दोघींनी जोयड्याला हापिसात चला म्हनाला.

"किती मानसांनी बघितलं गं हे?" आत्तीनं इचारलं.

"ऐंशी हजारानं."

"ऐंशी हजारानं बघितलं," ती म्हनाली. "मग मला गं का न्हाई दावलंस?"

 कोठडीची भीती मला कालपास्नं खात हुती, पन हे काय माझ्या मनात बी आलं न्हवतं. लाज वाटली, जीव नकोसा झाला.

जीपमधी ती खिडकीला बसली. मी पिशवीतनं टॅब काढला आनि पैल्या कथेपास्नं दावायला सुरवात केली. ती हसत हुती, नागराजला बी दावत हुती आनि मी डोळं पुसत हुते. दोनशे कथा हुत्या. जोयडा आलं तवा तिच्या निम्म्याच बघून झाल्या हुत्या.