रुळाला लावलेला कान

भिंगरीच्या उजव्या कानावर रोज संध्याकाळी तांबूस डाग असायचा. डावा कान स्वच्छ. साबणाने चोळला की डाग जायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. शेवटी मी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कापसाने कान पुसला आणि कापूस माझ्यासमोर धरला.

"आजार वगैरे काही नाही. गंज आहे हा."

चार वर्षांच्या पोरीच्या कानाला गंज.

"झोपाळ्याची साखळी लागत असेल," नवरा म्हणाला. "तू तिला आंघोळ घालतेस की पंचनामा करतेस?"

बालवाडी सुटली की भिंगरीला माझे सासरे घेऊन येतात. त्यांना सगळेच आबा म्हणतात. सारी नोकरी त्यांनी रेल्वेच्या फाटकावर काढली. ते निवृत्त झाले आणि पाठोपाठ फाटकही बंद झालं. वाहनांसाठी बऱ्याच लांब भुयारी रस्ता काढला, फाटकाचे दांडे उचलून नेले, रस्त्याच्या तोंडाशी जुने रूळ उभे गाडले. रस्ता मेला, गाड्या मात्र धावतातच. वळसा कोण घालणार म्हणून माणसं त्या उभ्या रुळांच्या फटीतून सर्रास ये-जा करतात, हे मी ऐकून होते. आबा नातीला घेऊन तिथे जरा वेळ बसतात, हेही माहीत होतं. जुन्या जागेची ओढ, दुसरं काय.

त्या दिवशी ऑफिसातून लवकर निघाले आणि थेट तिकडे गेले.

फटीपाशी पाच-सहा माणसं खोळंबली होती. कोणी पुढे जात नव्हतं. सगळ्यांचं लक्ष आबांकडे.

"सोडा की आबा, भाजी सुकली माझी," डोक्यावर पाटी घेतलेली भाजीवाली म्हणाली.

"भाजी सुकू दे, तू सुकू नकोस म्हणजे झालं," सायकलवाला म्हणाला. लोक हसले.

मग मला भिंगरी दिसली. पाठीला दप्तर तसंच, खडीवर पालथी पडलेली, उजवा कान रुळाला लावून.

माझे पाय जागच्या जागी राहिले.

"काय म्हणतोय गं रूळ?" आबांनी विचारलं.

तिने मान उचलून त्यांच्याकडे तोंड केलं. "झोपलाय."

आबांनी हात वर केला. माणसं निवांत पलीकडे गेली. सायकल फटीतून काढता काढता सायकलवाला तेवढा मागे राहिला. "नातीलाही विद्या दिली हो आबांनी," जाता जाता कोणीतरी कौतुकाने म्हणालं. त्यांच्या लेखी हा आजोबा-नातीचा खेळ होता. खरा कान आबांचा.

पण मी आबांच्या घरात राहते. दाराची बेल वाजून वाजून थकते आणि आबा शेजारी बसून पेपर वाचत असतात. "लक्ष नव्हतं," म्हणतात. कानाचं मशीन डबीसकट कपाटात पडलेलं. आबा तिचे ओठ वाचत होते. इतक्या माणसांचा जीव माझी पोर एकटी ऐकत होती.

मी हाक मारणार, तेवढ्यात पलीकडून नवी माणसं आली. भिंगरीने परत कान लावला. एक म्हातारी फटीत अडकली, तिला आधार द्यायला आबा तिकडे वळले.

"आबा, गुणगुणतोय," भिंगरी म्हणाली.

त्यांची पाठ होती. म्हातारीसाठी त्यांनी हात पुढे केला, आणि माणसांना वाटलं, इशारा झाला. माणसं रुळांवर उतरली.

"आबा, आली."

ती उठली नाही. आबांनी उठ म्हटल्याशिवाय उठायचं नाही, असं तिला शिकवलेलं.

मी कशी धावले, काय ओरडले, आठवत नाही. तिला दप्तराला धरून खेचलं एवढं आठवतं. माणसं सैरावैरा पांगली. कोणाची तरी पिशवी रुळांत राहिली. मग गाडी आली आणि कितीतरी वेळ नुसती जातच राहिली.

आबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते भिंगरीपुढे वाकले.

"सांगितलं का नाहीस गं?"

"सांगितलं की. दोनदा."

"आम्हीसुद्धा ऐकलं, आबा," सायकलवाला म्हणाला. "तुम्ही हात केलात म्हणून..."

भांडायला माझ्याकडे शब्द कमी नाहीत. त्या वेळी एकच वाक्य निघालं. "आबा, सांगा त्यांना."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला तेच पुन्हा, सावकाश म्हणावं लागलं.

"माणसं तशीही जातातच," ते म्हणाले. "मी नसतो तरी गेलीच असती." मग खाली बघून, "मला ऐकू येत नाही. फाटक होतं तेव्हापासूनच."

म्हातारी मटकन खडीवर बसली. सायकलवाल्याने सायकल वळवली आणि भुयारी रस्त्याच्या दिशेने चालू लागला. बसायचंही सुचलं नाही त्याला.

मी भिंगरीला उचलून घट्ट धरलं. तिने सवयीने माझ्या छातीला कान लावला, डोळे मिटले.

"आई, हलू नकोस," ती म्हणाली. "इथे पण येतेय."