एका ओळीचा फलक

पूर्वजांचा मान राखावा हे सर्वांनाच मान्य असते, आणि समोर उभ्या असलेल्या तरुणाला त्याच्या श्रमाचे श्रेय द्यावे हेही कोणी नाकारीत नाही. परंतु ही दोन्ही कर्तव्ये एकाच हाताने आणि एकाच जागी पार पाडावी लागली, की सज्जन माणसाचाही हात अडखळतो. क्रेगहेव्हन या समुद्रकाठच्या गावातल्या नेटा लॉरिमर यांच्यावर वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी असाच प्रसंग आला.

आमच्या गोल्फ क्लबाच्या दारातून आत शिरले की उजव्या हाताला ओक लाकडाचा एक काळा फलक दिसतो. त्यावर सोनेरी वर्खात एकच ओळ असते: मैदानावरील सर्वोत्तम, म्हणजे सर्वांत कमी फटक्यांची, फेरी खेळणाऱ्याचे नाव, ते फटके आणि वर्ष. इतर गावांचे क्लब अशा नावांच्या लांबलचक याद्या भिंतीवर मिरवतात. आमच्या संस्थापकांना ते रुचले नव्हते. विक्रम मोडला की जुने नाव खरवडून काढायचे आणि त्याच जागी नवे लिहायचे, अशी इथली रीत आहे. मैदान समुद्र आणि आगगाडीच्या रुळांच्या बेचक्यात अडकलेले असल्यामुळे त्याची लांबी कधी वाढवता आली नाही. आजोबा जितक्या अंतरावरून खेळले तितक्याच अंतरावरून नातू खेळतो. म्हणूनच या एका ओळीला इथे एवढे मोल आहे.

गेली शहाऐंशी वर्षे त्या ओळीत ‘एबेन लॉरिमर, ६५, १९३८’ अशी अक्षरे होती. एबेन हे क्लबाचे व्यावसायिक खेळाडू आणि काठ्या घडवणारे कारागीर. आणि नेटाबाई त्यांची एकुलती एक मुलगी. नेटाबाईंचे मामा गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवीत. एबेन यांचे नाव फलकावर त्यांनीच लिहिले होते. पुढे त्यांनी आपली कला भाचीला शिकवली, आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ क्लबातल्या इतर पाट्यांवरचे प्रत्येक सोनेरी अक्षर नेटाबाईंच्या हातून उमटत आले.

सप्टेंबरातल्या खुल्या स्पर्धेत, एका गुरुवारी, स्ट्रुअन गेडिस या गावच्याच तरुणाने चौसष्ट फटक्यांत फेरी पूर्ण केली. त्याचे वय सव्वीस. युरोपातल्या व्यावसायिक स्पर्धांत तो चार वर्षे खेळला, आणि त्या वसंतात केवळ एका फटक्याने तिथला प्रवेश गमावून घरी परतला होता.

क्लबाचे चिटणीस डथी शुक्रवारी सकाळी टोपी हातात धरून नेटाबाईंच्या कार्यशाळेच्या दारात उभे राहिले. त्यांनी हवेबद्दल बोलून पाहिले, गुडघेदुखीची चौकशी केली, आणि शेवटी म्हणाले की हे काम दुसऱ्या गावातल्या कारागिराकडून करून घ्यायलाही समितीची हरकत नाही. नेटाबाईंनी त्यांना सांगितले की फलक तुमचा आहे, हात माझा आहे, आणि सोमवारी सकाळी मी येते. डथी गेल्यावर मात्र त्या बराच वेळ ब्रश न उचलता बसून राहिल्या. वडिलांचे छायाचित्र त्यांच्याकडे होते, त्यांच्या काठ्याही होत्या. परंतु एबेन लॉरिमर या नावाला नमस्कार करावा अशी जागा साऱ्या जगात ती एकच होती.

गावात याच विषयावर खल चालू होता. त्यात सर्वांत मोठा आवाज टॅम विशर्ट यांचा. हे गृहस्थ चौऱ्याऐंशी वर्षांचे. पोरवयात त्यांनी एबेन यांच्या काठ्यांचे ओझे खांद्यावरून वाहिले होते, आणि त्या खांद्याच्या जोरावर ते आजही मत देत. मद्यगृहात त्यांनी जाहीर केले की आताच्या पोरांना पोटासाठी एक गुरू, मनासाठी दुसरा आणि झोपेसाठी तिसरा लागतो. एबेनला सकाळी एक भाजलेला हेरिंग मासा आणि एक चिलीम पुरत असे. आताच्यासारख्या काठ्या मिळाल्या तर आपली म्हातारीही सत्तरच्या आत येईल, असेही ते म्हणाले. दुर्दैवाने त्याच वेळी स्ट्रुअन दारातून आत येत होता. तो तसाच मागे फिरला.

शनिवारी दुपारी तो नेटाबाईंच्या कार्यशाळेत आला. बसला नाही. पंधराव्या होलच्या हिरवळीवर काय घडले ते त्याने सांगितले. फटका मारण्यापूर्वी तो हवेत काठी झुलवून पाहत होता, तेव्हा तिचे टोक चुकून चेंडूला लागले आणि चेंडू दोन बोटे सरकला. आजच्या नियमानुसार तो पुन्हा जागेवर ठेवायचा, दंड नाही. त्याने तसे केले, सोबतच्या खेळाडूलाही दाखवले.

“पण तुमच्या बाबांच्या काळी त्याला एक फटका दंड होता, मिस लॉरिमर,” तो म्हणाला. “म्हणजे माझे पासष्ट. बरोबरी झाली. आणि बरोबरीने विक्रम मोडत नाही. मी डथींना तसं सांगतो. तुम्ही ते नाव पुसू नका.”

नेटाबाईंच्या मनात त्या क्षणी जे उमटले ते लपवण्यात अर्थ नाही. त्यांना हायसे वाटले. तरुणाने स्वतःहून पुढे केलेले दान होते ते, आणि नुसती मान हलवली असती तरी पुरले असते. परंतु त्यांनी मान हलवली नाही. उद्या रविवार आहे, प्रार्थना आटोपली की फटक्यांची नोंद असलेले आपले कार्ड घेऊन पहिल्या होलपाशी ये, एवढेच त्या बोलल्या.

रविवारी आमचे मैदान विसावा घेते. त्या दिवशी कोणी काठी आणीत नाही. ज्या गवतावर आठवडाभर पाऊल टाकायला लोक कचरतात, तिथे आयाबाया बाबागाड्या ढकलतात आणि कुत्री मनसोक्त धावतात. नेटाबाईंनी पर्समधून वडिलांचे पिवळे पडलेले कार्ड काढले. एबेन यांनी ती फेरी मुलीला इतक्या वेळा सांगितली होती, की प्रत्येक फटका कुठून निघाला आणि कुठे विसावला हे त्यांना पाठ होते. स्ट्रुअनला आपली फेरी आठवायला तीनच दिवस मागे जायचे होते. दोघे हातात काही न घेता चालू लागले, आणि जिथे ज्याचा चेंडू पडला होता तिथे थांबून एकमेकांना सांगू लागले. टॅम बोलावण्याची वाट न पाहता मागून आले.

पहिल्या होलवर टॅमना स्वर्ग दोन बोटे उरला. स्ट्रुअन दुसऱ्या फटक्यासाठी जिथे उभा होता, त्याच्या साठ पावले मागे एबेन उभे होते. तिथून त्यांनी हिकरी लाकडाच्या दांड्याची, स्वतः तासलेली काठी चालवून चेंडू ध्वजापाशी नेला होता. त्या वेळी इतरांनी पोलादी दांडे घेतले होते. एबेन घेत नव्हते.

सहाव्या होलजवळ वाळूचा खोल खड्डा आहे. एबेन यांचा चेंडू त्यात गेला होता, आणि त्या काळी वाळू सारखी करायला कोणी दाताळे ठेवीत नसे. चेंडू कोणाच्या तरी बुटाच्या ठशात रुतला होता. स्ट्रुअन आपल्या रविवारच्या बुटांनिशी खड्ड्यात उतरला. समोरची भिंत त्याच्या डोक्याहून उंच होती. तो बराच वेळ वर पाहत राहिला.

“इथून बाहेर कसा काढला त्यांनी?”

“मागच्या बाजूला. ध्वजाकडे पाठ करून,” नेटाबाई म्हणाल्या. “म्हणायचे, अभिमान खड्ड्यात ठेवला आणि चेंडू तेवढा बाहेर काढला.”

टॅम वरून म्हणाले, “मीही एकदा तसंच केलं होतं. फक्त माझा चेंडू आतच राहिला.”

नवव्या होलवर मात्र वेगळेच घडले. हा होल समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर खेळावा लागतो. मध्यावर दगडी गडगा आहे. गुरुवारी वारा एबेन यांच्या त्या दिवसाइतकाच होता, आणि आजच्या उत्तम काठीने मारलेला स्ट्रुअनचा चेंडू गडग्यापलीकडे जेमतेम दहा पावले गेला होता. एबेन यांचा पंधरा पावले गेला होता. स्ट्रुअन मान हलवीत राहिला. लाकडी दांड्याने, या वाऱ्यात, इतक्या दूर चेंडू नेणारा माणूस आपल्यापेक्षा कितीतरी मोठा असला पाहिजे, त्याचे नाव आपल्या नावासाठी पुसणे बरे नव्हे, असे काहीसे तो पुटपुटला.

टॅम समुद्राकडे पाहू लागले. त्यांना कारण ठाऊक होते. नेटाबाईंनाही होते. जवळपास कुत्र्यांखेरीज ऐकणारे कोणी नव्हते, आणि मौन म्हणजे काही असत्य नव्हे.

“तेव्हा आपल्याकडचा चेंडू लहान असायचा,” नेटाबाई म्हणाल्या. “केसभरच, पण लहान. वारा कापत जायचा तो. तुला तो वापरायची मुभा नाही. बाबांना होती. तुझ्या चेंडूने ते गडग्याच्या अलीकडेच पडले असते, पोरा.”

“अगं नेटा,” टॅम म्हणाले, “हे सांगायची काही गरज होती का?”

“होती.”

त्यानंतरचे होल तिघांनी एकामागून एक पार केले. पंधराव्या हिरवळीवर स्ट्रुअनने चेंडू कुठे होता आणि किती सरकला ते बोटांनी दाखवले. मग सरळ उभा राहून म्हणाला, “खरं सांगू? मला तो विक्रम हवाय. चार वर्षं खेळून माझ्या हाती दुसरं काही नाही. म्हणूनच त्यात खोट नको. नुसत्या चांगल्या काठ्यांनी मिळालेला नको.”

“ते मी बोललो होतो,” टॅम म्हणाले, “बिअरच्या दुसऱ्या ग्लासाला. तिसऱ्याला मी काय म्हणालो ते ऐकायला तू थांबलाच नाहीस.”

“काय म्हणालात?”

“की एबेनच्या काठ्या मी सहा वर्षं वाहिल्या, पण त्याला इथे चौसष्ट करताना मी काही पाहिलं नाही.”

नेटाबाईंनी वडिलांचे कार्ड स्ट्रुअनच्या कार्डावर ठेवले. दोन्हींच्या तळाशी सह्या होत्या. “ज्या नियमाखाली तू सही केलीस, त्या नियमाने तुझे चौसष्ट,” त्या म्हणाल्या. “बाबांच्या नियमाने तू खेळला नाहीस, आणि तुझ्या चेंडूने ते खेळले नाहीत. तुझा एक फटका इकडून उचलायचा आणि त्यांची पंधरा-वीस पावलं तिकडून, असा हिशेब मला येत नाही. देवालाही येत असेल की नाही, शंका आहे. पण फलकावर काय लिहायचं ते मला येतं.” मग त्यांनी दोन्ही कार्डे वेगळी केली आणि ज्याचे त्याला दिले. चालताना त्यांनी टॅमचा हात धरला. टॅम उरलेल्या तीन होलांवर एक अक्षर बोलले नाहीत, आणि क्रेगहेव्हनमध्ये याला फार मोठा आदर समजतात.

सोमवारी सकाळी नेटाबाई क्लबात आल्या तेव्हा डथींनी तिथली सगळी मंडळी कामे काढून दूर पाठवली होती. दार उघडे होते आणि कोवळे ऊन फलकावर तिरपे पडले होते. त्यांनी वडिलांच्या नावावरून एकदा बोट फिरवले, पाते हाती घेतले आणि पहिल्या अक्षराची सोनेरी कड खरवडली. तिथे त्या थांबल्या.

तिरप्या उन्हात, वडिलांच्या अक्षरांच्या मधल्या काळ्या रंगाखाली, दुसऱ्याच अक्षरांचे उंचवटे दिसत होते. त्यांनी डोळे मिटून बोटाने चाचपले. एक आडनाव अर्धेमुर्धे लागले, ‘…डेल’, आणि पुढे ‘७२’. एबेन यांच्या आधी ज्याचा विक्रम होता तो आर्ची ड्राइसडेल, सन १९०७. त्याचे नाव खरवडलेच नव्हते. त्यावर नुसता रंग चढवला होता.

कारागिरीच्या दृष्टीने हा मोठा दोष. जुना रंग लाकडापर्यंत काढल्याखेरीज नवा चढवू नये, यासाठी मामांनी लहानग्या नेटाच्या बोटांवर पट्टी मारलेली त्यांना आठवत होती. त्याच मामांनी, या एकाच फलकावर, तो नियम मोडला होता. मामांनी आपल्या मनाने मोडला, की नव्याने विक्रमवीर झालेल्या त्यांच्या मेहुण्याने शेजारी उभे राहून विनंती केली, हे आता सांगायला कोणी उरले नव्हते. नेटाबाईंनी ते जाणून घेण्याचा आग्रहही धरला नाही. त्यांनी पाते पुसून पेटीत ठेवले, आणि मऊ ब्रशाने वडिलांच्या नावावर काळ्या रंगाचा पहिला हात दिला.

बुधवारी फलक वाळला. ‘स्ट्रुअन गेडिस, ६४, २०२४’. एकच ओळ, रीतीप्रमाणे. अक्षरे किंचित खडबडीत उठली होती, आणि डथींनी ते पाहूनही न पाहिल्यासारखे केले. नेटाबाईंनी स्ट्रुअनला जवळ बोलावले आणि त्याचे बोट धरून त्याच्या नावाखालच्या उंचवट्यावरून हळूहळू फिरवले. त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्याने हात मागे घेतला नाही.

“माझ्यावर कोणी नाव लिहील, तेव्हा त्याला हे सांगाल ना?” त्याने विचारले.

“मी कुठली असायला तेव्हा,” नेटाबाई म्हणाल्या. “तूच सांग.”

त्या ओळीत ज्याचे नाव आज झळकते आहे, ज्यांची नावे तिच्याखाली विसावली आहेत, आणि ज्याचे नाव अजून कोणाला ठाऊक नाही, त्या सर्वांना समुद्राचा वारा सौम्य असो. आणि ज्या हाताला एकाचे नाव झाकून दुसऱ्याचे लिहावे लागले, तो हात दीर्घकाळ स्थिर राहो.