एकशे अडतिसावी ओळ

स्क्रीनवरच्या शेवटच्या ओळीपुढं एक ठिपका होता — आधी वाटलं पूर्णविराम असेल, पण यादीत पूर्णविराम कशाला, म्हणून प्रांजलनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून तो पुसला. ठिपका गेला, धूळच होती ती, ओळ मात्र राहिली. एकशे अडतिसावी. तिनं पुन्हा वरून मोजायला घेतलं, जणू कॉम्प्युटर मोजण्यात चुकेल आणि आपण चुकणार नाही... एकशे सदतीस ओळखीच्या, जगभर चालणाऱ्या, आणि ही एक उपरी. नाव साधंसुधं, ‘लोकल रूट’. मुदत दहा वर्षं. दहा वर्षांची हमी हल्ली लग्न जमवणारा मध्यस्थसुद्धा देत नाही.

बोरी बुद्रुकच्या उसाच्या कडेकडेनं खांबांवर कॅमेरे बसवलेत. बिबट्या दिसला की फोटो सर्व्हरकडं जातो आणि वस्तीवरचा भोंगा वाजतो. त्यामागचं सॉफ्टवेअर प्रांजल सांभाळते, पुण्याच्या एका कंपनीसाठी, घरातल्याच मागच्या खोलीत बसून. हे सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये भरून पाठवतात — डबाच म्हणा, लागेल ते सगळं आत घालून झाकण लावलेला — आणि प्रत्येक डब्यात एक यादी असते, कोणाकोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा त्याची; अशा शब्द देणाऱ्याला ‘रूट’ म्हणायचं. यादीतल्या एकानं ‘हा आपला’ असं सर्टिफिकेट दिलं की डबा दार उघडतो, पुढं काही विचारत नाही. आणि सगळे डबे तयार होतात एकाच मूळ डब्यावरून. विरजणात काही पडलं की घरातल्या सगळ्या दह्याला तीच चव, तसं. म्हणजे ही उपरी ओळ खांबाखांबावरच्या पेटीत जाऊन बसली होती. तिची किल्ली ज्याच्या हातात, तो मधेच उभा राहून ‘मीच सर्व्हर’ म्हणू शकत होता. फोटो गिळू शकत होता. भोंगा गप्प ठेवू शकत होता.

मागच्या महिन्यात कुशाबाईच्या गोठ्यातून बिबट्यानं वासरू नेलं तेव्हा भोंगा वाजला नव्हता. ‘बॅटरी उतरली होती, मावशी,’ असं प्रांजलनंच जाऊन सांगितलं होतं, कंपनीनं तसं कळवलं म्हणून, आणि कुशाबाईनंही मान डोलावली होती — तू म्हणतीस म्हंजी तसंच आसंल. तेव्हा काही वाटलं नाही. आता मनात पाल चुकचुकली ती थांबेना.

कंपनीतून निर्मला मॅडमचा निरोप सकाळीच आला होता. तपासणीत सापडलेली ही ओळ कोणी घातली त्याचं नाव चार वाजेपर्यंत हवं; ज्याचं नाव येईल त्याचं काम आजच संपेल. नाव शोधायला फार लांब जावं लागलंच नाही. बदलांच्या नोंदीत पहिल्याच ओळीला होतं: भरत.

भरतदादा! घोडेगावचा. ज्यानं तिला हे काम शिकवलं, ज्यानं मॅडमना सांगितलं होतं की पोरगी आपल्याकडची आहे, मी सांगतो, घ्या. तेवढ्या शब्दावर तर घेतलं होतं तिला. आणि आता बसल्या बसल्या एकेक गोष्ट उलटी होऊन समोर यायला लागली... पुण्यातली एवढी चांगली जागा सोडून तो घरून काम करायला घोडेगावला का परतला? आईची तब्येत, म्हणाला होता. आई तर बाजारात धडधाकट दिसते. वासराचं कळलं तेव्हा त्यानं आधी काय विचारलं — कॅमेरा कोणता? वासरू कोणाचं, हे नाही. तिच्या आबांच्या खोकल्यावर पिशवीभर हिरडा पाठवला होता त्यानं, एसटीच्या कंडक्टरजवळ, न मागता. न मागता का? मी काय मूर्ख आहे, हिरड्यात काय शोधतेय, असं तिचं तिलाच वाटलं, आणि तरी ती शोधत राहिली. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. इथं दुधानं अजून पोळलंही नव्हतं.

बारा वाजता ती गच्चीवर गेली, रेंज तिथं बरी असते. खाली ओट्यावर आबा लोकरीचा दोर वळत बसले होते. विकून राहिलेल्या नऊ मेंढ्या लिंबाखाली.

“दादा, ते लोकल रूट... तुम्ही घातलंय का?”

पलीकडून भरत म्हणाला, “तू मला इचारतीस व्हय?”

“नोंदीत तुमचं नाव आहे.”

“नव्या नोंदीत आसणारच. गेल्या साली समदं जुन्या जाग्यावरनं मीच इकडं हलवलं, मग समद्यावर माझंच नाव पडलं. जुनी नोंद उघड. सतरा फेब्रुवारी, दोन वर्सांमागची.” आणि पुढं, “प्रांजल, तिथं काय बी दिसू दे, रिपोर्टात माझंच नाव लिही. तुला त्याच गावात राह्यचंय. कुशाबाई रोज दिसनार तुला. मला हितं कोन इचारतंय?”

“त्याची किल्ली कोणाकडंय, दादा?”

“टेस्टिंगच्या पेटीत व्हती. पेटी कंपनीनं भंगारात घातली. म्होरं कुनाला ठावं.” त्यानं फोन ठेवला.

जुनी नोंद उघडायला वीस मिनिटं लागली. सतरा फेब्रुवारी. भरतनं लिहिलं होतं: ‘फक्त टेस्टिंगसाठी घालतोय. मूळ डब्यात जाणार नाही ना, हे प्रांजल, एकदा नीट बघून घे.’ त्याखाली हिरवी खूण. मंजूर: प्रांजल. आणि तिचेच शब्द: ‘दादांनी केलंय म्हणजे बघायला नकोच.’

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिला तो दिवस आठवला, लख्ख. मेंढ्यांची कातरणी होती, माणूस कमी पडला म्हणून तीही पाय धरायला बसली होती. हाताला लोकरीचा चिकटा, फोन वाजला, तिनं कोपरानं ओढणी सावरत अंगठा टेकवला. मिनिटही गेलं नाही त्यात. आळसानं नाही — खरंच नाही — तर बघणं बरं दिसलं नसतं म्हणून. दादाच्या कामात आपण खोट काढायची? आपल्यात असं तपासत नाहीत. तपासलं म्हणजे अपमान केला. ती ओळ घातली दादानं, पण गावभर पोचवली मी. वासरू गेलं असेल त्या वाटेनं, तर ती वाट मी मोकळी ठेवली... तिला लाज वाटली, कारण सकाळपासून आपल्याला तो दोषी असायला हवा होता, हे तिला आता कळलं.

ती खाली ओट्यावर येऊन बसली.

“आबा, मी लहान असताना तुमच्या दोस्ताचं, रामनाथकाकांचं नाव सांगून आलेला तो माणूस... चार महिने आपल्या मेंढरांच्या वाड्यावर राहिला आणि अकरा मेंढ्या घेऊन गेला. तुम्ही काकांना आधी विचारलं का नव्हतं?”

म्हस्कूआबांनी दोर मांडीवर ठेवला. “रामनाथचं नाव घेतल्यावर काय इचारायचं? त्याला काय वाटलं आसतं?”

“मग नंतर?”

“मंग इचारलं. मेंढरं गेल्यावर. ‘तुजाच व्हता का रं त्यो?’ म्हनलं. न्हाय म्हनला. खरंच न्हवता.” आबा उन्हाकडं बघत राहिले. “मेंढरं काय, दोन वर्सात व्हती तेवढी झाली. रामनाथ मातर पुना वाड्यावर आला न्हाय. वाटंत भेटला तर रामराम करायचा. लई वाईट वाटायचं.”

“काय चुकलं मग? आधी विचारलं नाही ते, की नंतर विचारलं ते?”

“दोराचं ते टोक धर, बाय,” आबा म्हणाले आणि पुन्हा वळू लागले.

साडेतीनला रिपोर्ट समोर होता आणि नावाची जागा रिकामी. तिनं ‘प्रांजल’ लिहिलं. खरं होतं ते. पण त्याबरोबर घरातला एकुलता एक पगार जाणार हेही खरं होतं. खोडलं. ‘भरत’ लिहिलं — त्यानंच सांगितलंय, आणि घातली तर त्यानंच होती की. पण एवढा चांगला माणूस असतो का कोणी? दोन वर्षांमागची तारीख त्याला तोंडपाठ कशी होती, सतरा फेब्रुवारी, क्षणभरही न अडखळता? नाव द्यायला इतका तयार, म्हणजे यापुढं कोणी खोदू नये म्हणून तर नाही? की मलाच वाचवतोय, आणि मी... हिरव्या खुणेनंतरही मी त्यालाच तपासतेय. एकदा न बघता विश्वास ठेवला, आता बघूनही ठेवता येत नाही. हे तिला इतकं दुःखाचं वाटलं की तिनं दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीत घेतले. ‘भरत’ खोडलं. जागा पुन्हा रिकामी.

चारला दहा कमी असताना फोन वाजला. भरतदादा. कदाचित पुन्हा तेच सांगायला, की माझं लिही. कदाचित नको लिहू म्हणायला. कदाचित नुसतंच, जेवलीस का, म्हणून — तो विचारतो नेहमी. तिनं फोन हातात घेतला, आणि उचलण्याआधी, कोणी शिकवल्यासारखं, लॅपटॉपवरचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि फोन स्पीकरवर ठेवला.

“बोला, दादा,” ती म्हणाली. आवाज अगदी नेहमीसारखा, मायेचा निघाला, आणि त्या आवाजाची तिला भीती वाटली.