चौघांत एक होडी

होडी घ्यायची असं ठरलं, तेव्हा सुयोग पेडणेकरने सगळ्यांत आधी वही आणली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, इतिवृत्तासाठी. मुलुंडच्या 'नवकिरण' सोसायटीचं सेक्रेटरीपद सतरा वर्षं सांभाळून त्याला एवढं कळलं होतं, की ज्या गोष्टीची वही नाही ती गोष्ट होत नाही, आणि झालीच तर भांडणात होते.

घेणारे चौघं. दुसऱ्या मजल्यावरचा सुयोग आणि त्याची बायको श्वेता. तिसऱ्या मजल्यावरचा हर्षद मिठबावकर आणि त्याची बायको अनुपमा. दोन्ही पुरुष निवृत्तीला टेकलेले, दोघांचेही वडील कोकणातून येऊन गिरणीत लागलेले, आणि पोहणं दोघांचंही बेताचंच. हर्षदचे आजोबा देवगडला शिडाच्या मचव्यावर तांडेल होते. मचवा त्यांच्या हुकमावर चालायचा, वाराही बहुतेक त्यांनाच विचारून सुटायचा. ही हकीकत बिल्डिंगमधल्या प्रत्येकाने किमान दोनदा ऐकली होती. दोन वर्षांपूर्वी हर्षदने सुयोगला ओढून शिडाच्या होडीचं शिक्षण घ्यायला नेलं. आठ रविवार. शेवटच्या दिवशी शिकवणाऱ्याने हर्षदला सांगितलं, "तुमच्या हातातच आहे हे." सुयोगला सांगितलं, "तुम्ही वजनाला बरे आहात."

त्यानंतर होडी घेणं भाग होतं. एकट्याला परवडत नव्हती, म्हणून दोन घरांत एक. पहिल्याच सभेत हर्षद अध्यक्ष झाला, सुयोग सेक्रेटरी, अनुपमा खजिनदार.

"आणि मी?" श्वेताने विचारलं.

"सभासद."

"एकटीच?"

"एकटीच."

"मग सर्वसाधारण सभा घेताना मला वेगळी नोटीस पाठवणार की मी तुमच्यासमोरच बसलेय हे चालेल?"

हा प्रश्न इतिवृत्तात घेतला गेला नाही.

नियम सुयोगने सोसायटीच्या नियमावलीतून जसेच्या तसे उचलले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता हर्षदकडे सभा. मतं समसमान पडली तर अध्यक्षांचं मत निर्णायक. प्रत्येक इतिवृत्ताखाली अध्यक्षांची सही, त्यासाठी दोन ओळी मोकळ्या. आणि सहीनंतर पानावर जागा उरली तर तिरकी रेघ मारून ती बंद करायची, म्हणजे मागाहून कोणी काही घुसवायला नको. नवकिरणमध्ये एकदाच ही रेघ राहून गेली होती, आणि त्या जागेत कोणीतरी गच्चीवरच्या मोबाइल टॉवरला मंजुरी देऊन टाकली होती. तेव्हापासून सुयोग कोऱ्या जागेकडे उघड्या गटाराकडे बघावं तसा बघायचा.

पहिल्या सात सभांत होडी किती फुटी असावी, कुठे ठेवावी आणि ताडपत्री कोणी धुवावी, यावर अकरा ठराव झाले. होडी एकही बघितली गेली नाही.

आठव्या सभेच्या दिवशी सुयोग एका जुन्या ठरावाचा क्रमांक शोधायला वही मागे चाळत होता. चाळता चाळता थांबला. पहिल्या सभेखालची हर्षदची सही ऐसपैस होती. 'मिठबावकर'चा 'म' नांगरासारखा वळलेला, शेवटचा 'र' समासाबाहेर गेलेला. चौथ्या सभेत सही एका ओळीत मावली होती. सहाव्या सभेत ओळीच्या अर्ध्यात. आणि सातव्या सभेखाली ती एवढीशी होती, की पानावर मुंगी चिरडली असावी असं वाटावं.

पेन बदललं असेल, असं त्याने आधी स्वतःला सांगून बघितलं. पण विक्रोळीचा त्याचा मामा गावी पत्रं लिहायचा, तीही अशीच बारीक होत गेली होती. मग पत्रं थांबली. मग मामाला भरवावं लागायचं. मामाच्या आजाराचं नाव घरात सगळ्यांना पाठ होतं आणि कोणीच ते घेत नव्हतं.

त्याने मान वर केली. हर्षद समोर बसून फायबर आणि लाकूड यांतला फरक सांगत होता. डाव्या हाताने. उजवा हात पॅन्टच्या खिशात होता. कधीपासून होता कोण जाणे. सुयोगला वाटलं, बहुतेक पावसाळ्यापासून.

सभा संपल्यावर सुयोगने वही पुढे केली, पेनचं टोपण काढलं आणि पेन दिलं. हर्षदने सही केली. सुयोगने रेघ मारली. वडे आले.

त्याने कोणाला सांगितलं नाही. श्वेताला सांगणं म्हणजे सूचना फलकावर लावणं. आणि हर्षदला काय सांगणार? ज्याच्या हातातच आहे म्हणतात, त्याला त्याच्या हाताबद्दल? दुसऱ्याच्या नळाच्या गळतीवर सतरा वर्षं नोटिसा काढणाऱ्या सेक्रेटरीला इथे एक ओळ सुचेना.

त्यानंतर मात्र होड्या बघायला सुरुवात झाली, आणि दोन उरल्या. इतिवृत्तात त्यांची नोंद 'पांढरी' आणि 'काळी' अशी आहे. पांढरी फायबरची, मढला उभी असलेली. मालक सांताक्रूझचा, परदेशी निघालेला. देखणी, हलकी, दोन शिडांची. वाऱ्याची झुळूक आली तरी कान टवकारणारी. काळी गोराईच्या जया कोळणीची. लाकडी, बुडाला रुंद, तेल पिऊन पिऊन काळी झालेली. ती उलटवायची तर देवाला रजा टाकून यावं लागलं असतं.

पांढरीला एकच अट होती: हात चलाख हवेत. क्षणभर चुकलं की ती कलंडते.

दहाव्या सभेत मतदान झालं. हर्षद पांढरीला. श्वेताही पांढरीलाच, कारण तिच्यावर गाद्या होत्या. सुयोग काळीला.

"का रे?" हर्षद म्हणाला. "म्हातारी आहे ती. तिला घेऊन काय सत्यनारायण घालणार?"

"मला भीती वाटते पांढरीची," सुयोग म्हणाला. ते खरंही होतं, त्यामुळे सोपं गेलं.

"वहिनी?" सुयोगने अनुपमाकडे बघितलं.

"काळी," अनुपमा म्हणाली.

तीस वर्षांत तिने नवऱ्याच्या विरोधात चारचौघांत पहिल्यांदा मत दिलं असेल. हर्षद तिच्याकडे बघत राहिला. ती टिपॉयवरचे कप गोळा करत राहिली.

दोन विरुद्ध दोन. म्हणजे अध्यक्षांचं मत निर्णायक. चार माणसांत, ज्यांची आपसांत लग्नं झालीत, मतं समसमान पडू शकतात, हे नियम उचलताना सुयोगच्या लक्षात आलं नव्हतं. आता त्याच्याच नियमाने हर्षद पांढरी घेणार, एखाद्या रविवारी वारा फिरणार, आणि हात वेळेवर हलणार नाही. एवढं सगळं त्याला वहीवर दिसत होतं.

पण हर्षद न्यायी माणूस. म्हणाला, "माझं मत राखून ठेवतो. काळी आपण पाण्यात बघितलेली नाही. पुढच्या रविवारी बघू, मग ठरवू."

कपांचा ट्रे आत ठेवून अनुपमा सुयोगला सोडायला जिन्यापर्यंत आली. हे ती कधी करत नसे. श्वेता केव्हाच खाली गेली होती.

"भावोजी, तुम्ही काही बोलू नका."

"मी कुठे काय..."

"वही तुमच्याकडे असते," ती म्हणाली. "त्यांना स्वतःला सांगू दे. दुसऱ्या कोणी सांगितलं तर ते होडीचं नावच टाकतील. होडी गेली तर मग काय उरलं?"

"आणि पांढरी घेतली तर?"

ती आत गेली. दरवाजा फार हळू लावला.

पुढच्या रविवारी चौघं सुयोगच्या गाडीने निघाली. दिंडोशीपर्यंत श्वेताने गाद्या काळीवरही बसवता येतील का याची चौकशी केली.

गोराईच्या जेट्टीला जया होडी घेऊन आलेली होती. साठीची बाई, डोक्यावर कुठल्यातरी बँकेच्या जाहिरातीची टोपी. नवऱ्याने इंजिनची बोट घेतली तेव्हापासून सासऱ्याची ही होडी तिच्याच हाती होती. आता तिचे गुडघे गेले होते, म्हणून विकायची.

"तांडेल कोन?" तिने पहिलं हेच विचारलं.

"आमच्यात अध्यक्ष आहेत," सुयोग म्हणाला.

"अध्यक्ष ठेवा घरी. सुकाणू कोन धरनार?"

"तसं आम्ही चौघंही..."

"चौघांच्या हातात मी होडी देत नाय. चार बायकांनी मीठ घातलेलं कालवन खाल्लंय कवा?" तिने दूर पाण्यातल्या एका खुंटाकडे बोट केलं. "आमच्या घरात होडी सुक्यावर देत नाय. पान्यात देतात. तांडेलाने तिथवर न्यायची, वळवायची, परत आनायची. मग सौदा."

"मी नेतो," हर्षद म्हणाला आणि होडीत उतरला.

चौघं बसली, जया मध्ये. हर्षदने उजवा हात खिशातून काढला. हात मांडीवर आला आणि थरथरायला लागला. बारीक, एकसारखा, दोन बोटांत काहीतरी मळत असल्यासारखा. श्वेता शीड बघत होती, तिला दिसलं नाही. हर्षदने तो हात सुकाणूवर ठेवला. आणि हात थांबला.

अगदी थांबला. शीड भरलं, होडी तिवरांच्या कडेने निघाली. हर्षदच्या डाव्या हातात शिडाचा दोर, उजवा सुकाणूवर स्थिर, आणि नजर शिडाच्या टोकाला. आपण एका सहीवरून माणसाला आजारी पाडलं, असं सुयोगच्या मनात आलं, आणि स्वतःच्या मूर्खपणाचा इतका आनंद त्याला पूर्वी कधी झाला नव्हता. वाऱ्याच्या जोरावर हर्षदने मधेच हात बदलले, डावा सुकाणूला, उजव्यात दोर, आजोबांनी बदलले असतील तसे. दहा मिनिटं तो तांडेल होता. यात कुणाच्या अनुमोदनाची गरज नव्हती.

मग खुंट आला.

वळताना दोन्ही हातांनी एकदम काम करायचं असतं: एकाने सुकाणू ढकलायचं, दुसऱ्याने दोर सोडायचा. डाव्या हाताने सुकाणू ढकललं. उजव्या हाताने दोर सोडला नाही. हर्षद त्या हाताकडे बघत होता. सोड, असं त्याने हाताला सांगितलेलं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. हात दुसऱ्या कोणाचा असावा तसा मिटून बसला होता. वाऱ्याने शीड दाबलं, होडी कलली, कडेवरून पाणी आत आलं आणि श्वेताची एक चप्पल तरंगायला लागली. जयाने पुढे वाकून, मांजराच्या तोंडातून मासळी सोडवावी तसा दोर हर्षदच्या मुठीतून सोडवून घेतला. होडी कुरकुरली आणि सरळ झाली.

"हलकी होडी असती तर आता पान्यात बसून बोललो असतो," ती म्हणाली.

शीड नुसतंच फडफडत राहिलं.

"सेक्रेटरी," हर्षद म्हणाला. "वही आणलीयस?"

"आणलीय." ती प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून पोटाशी धरलेली होती.

"आयत्या वेळचा विषय घे."

"अध्यक्षांच्या परवानगीने," सुयोग म्हणाला. सवयीने तोंडातून गेलं.

"परवानगी आहे." हर्षदने उजवा हात मांडीवर ठेवला आणि तो सगळ्यांसमोर थरथरू दिला. "पार्किन्सन आहे मला. गणपतीपासून गोळ्या चालू आहेत. वाढत जाणार म्हणाले डॉक्टर. किती वेगाने, ते त्यांनाही माहीत नाही."

श्वेताच्या हातात ओली चप्पल होती. ती तशीच धरून ती म्हणाली, "आणि हे आज सांगताय भावोजी? होडीत? जिथून उठून जाताही येत नाही?"

"म्हणूनच होडीत, वहिनी."

तिने नवऱ्याकडे बघितलं. "तुम्हाला माहीत होतं?"

सुयोगला उत्तर द्यावं लागलं नाही. हर्षद म्हणाला, "आठव्या सभेपासून. तेव्हापासून मेला मला सहीला पेन देताना टोपण काढून देतो. त्याआधी सात सभा कधी दिलं नव्हतं."

अनुपमा उठली, पाण्यातून सावकाश पाय टाकत मागे आली आणि हर्षदशेजारी बसली. जयाकडे हात पुढे करून म्हणाली, "दोर द्या."

परत येताना हर्षदने सुकाणू धरलं आणि अनुपमाने दोर. जेट्टीपाशी वळायचं होतं तिथे तो नुसतं "सोड" म्हणाला आणि तिने सोडला. वेळेवर. होडी मुकाट्याने वळली.

जया टोपी मागे सारून बघत होती. "दोघं मिळून एक तांडेल चालंल," ती म्हणाली. "पन ज्या दिवशी ह्यांचा दुसरा हात ऐकनार नाय, त्या दिवसापासून बाई तांडेल. तेवा परत सभा घ्यायची नाय."

"नाही घेणार," हर्षद म्हणाला. "निर्णायक मत काळीला. लिही रे."

जेट्टीवरच्या चहाच्या टपरीवर सुयोगने अकरावं इतिवृत्त लिहिलं. होडीचा ठराव दोन ओळींत झाला. आयत्या वेळच्या विषयाला त्याने 'विषय नोंदवून घेतला' एवढंच लिहिलं. त्यापुढे काय लिहितात ते त्याच्या नियमावलीत नव्हतं. सहीसाठी त्याने दोन ओळी मोकळ्या सोडल्या, पेन काढलं आणि टोपणाला हात घातला.

"दे इकडे," हर्षद म्हणाला. "टोपण मी काढतो."

वेळ लागला. श्वेता चहा ढवळत राहिली, साखर केव्हाच विरघळली होती. अनुपमा खाडीकडे बघत होती. टोपण निघालं. हर्षदने सही केली, पहिल्या ओळीच्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढी.

सुयोगने वही ओढून घेतली. सहीपुढे पानाचा खालचा सगळा भाग कोरा होता.

"अहो, रेघ," श्वेता म्हणाली.

सुयोगने पेनला टोपण लावलं. "राहू दे," म्हणाला, आणि वही दोन्ही पिशव्यांत नीट गुंडाळली.