सॅकमधलं खडेमीठ

रेवदंड्याच्या माणसाला उंचीचं काय कळणार? घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, आणि चढ म्हणाल तर खाडीवरच्या पुलाचा. त्यामुळे कोळीवाड्यातली हेमाली हिमाचलात चौदा हजार फुटांवरची खिंड चढायला निघाली आहे म्हटल्यावर अख्ख्या आळीने तोंडात बोटं घातली. "नवरा जाऊन वरीस न्हाय झाला, नि ही चालली बर्फात," असं नळावर बोलून झालं. हेमालीने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. राग यायला हवा होता, आला नाही.

खरं तर बेत निकेतचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. त्यानेच दोघांची नावं नोंदवली, हौसेने कुणाची तरी जुनी सॅक मिळवली, आणि दिवाळीनंतर तापाचं निमित्त होऊन आठवड्यात गेला. तेव्हापासून हेमालीला कशाचंच काही वाटत नव्हतं. शाळेत मुलांना शिकवायची, घरी येऊन सासूबरोबर सुकी मच्छी आवरायची, ताटात पडेल ते खायची. सासू चंदाबाई तोंडाने फटकळ, पण त्याही हल्ली कामापुरतंच बोलत. खिंडीला जाणं तेवढं हेमालीने सोडलं नव्हतं. तिथे वर गेल्यावर तरी काहीतरी वाटेल, एवढीच तिची आशा होती.

तयारी मात्र अशी चोख, की नाव ठेवायला जागा नाही. डॉक्टरी तपासणी झाली, नवे बूट घालून घालून पायाला बसले, रोज पहाटे वाळूतून चालणं झालं. तुकडी नेणारा अलिबागचा विवेक मोठा काटेकोर गडी, आणि एकच गोष्ट दहादा सांगायची त्याला भारी हौस. "वर गेल्यावर मर्दुमकी गाजवायची नाही," तो बजावायचा. "हळू चढायचं, पाणी पीत राहायचं. डोकं दुखलं, मळमळलं, की लगेच सांगायचं. सांगाल त्याला मी खाली उतरवीन. लपवाल तर जिवावर बेतेल." सरावाच्या प्रत्येक थांब्यावर तो एकेकाला कसं वाटतंय ते विचारी. हेमालीचं उत्तर ठरलेलं, "बरं आहे." माहेरी बोटीवर हेच चालायचं. दुखतंय म्हणालं कुणी, तर बोट रिकामी माघारी फिरणार, मग म्हणणार कोण?

शेवटचा सराव सागरगडावर होता, पाठीवर वजन घेऊन. वजनासाठी पाण्याच्या बाटल्या घ्या, गुडघे कुरकुरले तर पाणी ओतून टाकता येतं, असं विवेकने सांगितलं होतं. पण मच्छी खारवणाऱ्या घरात वजनाला काय तोटा? हेमालीने कोपऱ्यातलं खडेमीठ कापडी पिशवीत भरलं आणि निकेतच्या सॅकमध्ये कोंबलं. सॅकची पाठीकडची शिवण उसवलेली तिला दिसली होती. शिवायचा कंटाळा केला.

चढ उभा, हवा दमट. घामाने सगळेच निथळत होते. वाटेत विवेकने दोनदा विचारलं, हेमाली दोनदा "बरं आहे" म्हणाली. माथ्यावर पोचून तिने सॅक उतरवली, आणि मागून येणारी रश्मी नावाची मुलगी ओरडलीच. हेमालीच्या कुर्त्यावर तळहाताएवढा रक्ताचा डाग होता. शिवणीची कड घासून कातडं सोललं होतं, आणि घामात विरघळलेलं मीठ थेट त्या जखमेत झिरपत होतं.

विवेकने डाग पाहिला, पांढरी पडलेली सॅक पाहिली. "हे झोंबलं नाही तुला?"

"कळलं नाही."

त्याने सॅक उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "हेमाली, तुला मी नेणार नाही. जखम आठवड्यात भरेल, तिचं काही नाही. पण उद्या वर तुझं डोकं फुटायला आलं तरी तू बरं आहे म्हणशील, आणि मी विश्वास ठेवीन."

"ठीक आहे," ती म्हणाली. एवढी एकच आशा होती, तीही गेली, तरी डोळ्यांत टिपूस आलं नाही. तेव्हा मात्र तिला स्वतःचीच भीती वाटली.

घरी चंदाबाईंनी पाणी उकळून कोमट केलं, तिला मोरीच्या कट्ट्यावर बसवलं आणि ओल्या फडक्याने चिकटलेला कुर्ता हलक्या हाताने सोडवला.

"दुखतंय का गो?"

"न्हाय, आई."

चंदाबाईंचा हात थांबला. "तुला कंदीच काय दुखत न्हाय," त्या म्हणाल्या, आणि आवाज चढला. "मंग या घरात मी एकलीच हाय का? मना रोज दुखतंय. मच्छी इकताना दुखतंय, जेवताना घास अडकतोय. माजा पोर गेला गो! कुनापाशी बोलू? तू बोलतेस बरं हाय, मंग मी पन बोलते बरं हाय."

 म्हातारीने मनावर दगड ठेवलाय, ती सावरलीय, असंच हेमाली इतके महिने धरून चालली होती. सासूला एकदा विचारावं, हेही सुचलं नव्हतं. तिला लाज वाटली. चंदाबाईंनी फडकं पुन्हा पाठीला लावलं, तशी आग खांद्यापासून कमरेपर्यंत धावली आणि हेमालीने कट्टा घट्ट धरला.

"आई, झोंबतंय."

"लय?"

"लय." तिचा आवाज फाटला. "लय दुखतंय, आई."

"कवापासून?"

"निकेत गेला तवापासून," हेमाली म्हणाली.